घरी म्हणायचो तसं

प्रिय ताई,

फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि चुकून उचललाच असतास तर 'अगं, जरा गडबडीत आहे, नंतर बोलू' म्हणाली असतीस. तुझं ते 'नंतर' मी अजून शोधते आहे. म्हणून पत्र. माझं अक्षर तुझ्याशिवाय आणि आईशिवाय कोणाला लागत नाही, हाही एक फायदा. नीट बस, पाणी पी, आणि शेवटपर्यंत वाच. कंटाळा आला की मधली पानं उलटायची तुझी खोड मला माहीत आहे. इथे तसं केलंस तर नुकसान तुझंच होईल.

आधी माझी खबर. आई तुला सांगत असेल, पण आईची खबर 'बरी आहे, जरा वाळली आहे' यापुढे जात नाही. मी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे. मार्केटिंग, आणि त्याच्या जोडीला संगीत व माध्यम व्यवस्थापन. अभ्यासक्रमाचं नाव एवढं लांब आहे की ओळखपत्रावर मावत नाही, शेवटचा शब्द खाली लोंबकळतो. सकाळी मार्केटिंगच्या तासाला माल कसा खपवायचा ते शिकवतात, दुपारी संगीताच्या तासाला माल मुळात कसा असावा ते, आणि संध्याकाळी व्यवस्थापनाच्या तासाला, माल खपला नाही तर खापर कोणावर फोडायचं ते. तिन्ही तास वेगवेगळ्या इमारतींत, त्यामुळे दिवसभर जिने चढते आणि उतरते. वाळले असेन तर त्यानेच. वसतिगृहात माझ्या खोलीत दातांची डॉक्टर होऊ घातलेली एक मुलगी आहे. तिचे प्लास्टरचे जबडे टेबलावर आ वासून पडलेले असतात आणि मी त्यांच्यासमोर रियाज करते. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

हाच अभ्यासक्रम का, हे तू विचारणार नाहीस, तरी सांगते. आपली जोडी मोडून तू एकटीने गायला लागलीस तेव्हा पहिल्याच मुलाखतीत तुला माझ्याबद्दल विचारलं होतं. तू म्हणालीस, धाकटीला अभ्यासात जास्त रस आहे, तिने आपणहून बाजूला व्हायचं ठरवलं. ती मुलाखत मी आईच्या शिवणकामाच्या दुकानात वाचली, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या मासिकात. तेव्हा माझा कसलाही अभ्यास चालू नव्हता, ताई. मी एका बाईच्या ब्लाउजला हूक लावत बसले होते. ते वाचून मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मग मी खरंच अभ्यासाला लागले. ज्या विद्येने मला गाण्यातून उचलून बाजूला ठेवलं, ती विद्या मला शिकायची होती. लोक डिग्रीसाठी शिकतात, नोकरीसाठी शिकतात. मी तुझ्यासाठी शिकले.

दुसऱ्या वर्षीचा एक तास तुला सांगायलाच हवा. आमचे मार्केटिंगचे सर बाहेरच्या कंपन्यांनाही सल्ला देतात, त्यामुळे त्यांच्याकडे खऱ्या धंद्यातली उदाहरणं भरपूर. त्या दिवशी त्यांनी पडद्यावर दोन पोस्टर लावली. डावीकडे आपण दोघी, आईने एकाच ताग्यातून शिवलेल्या हिरव्या झग्यांत. उजवीकडे तू एकटी, काळ्या कपड्यांत, केस मोकळे. सरांनी विचारलं, या उत्पादनात नेमका काय बदल केला? पुढच्या बाकावरची एक हुशार मुलगी म्हणाली, रंगसंगती. सर म्हणाले, नाही, कमकुवत घटक वगळला. माझे केस आता कापलेले आहेत आणि जाड चष्मा आहे, त्यामुळे कमकुवत घटक तिसऱ्या रांगेत बसला आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, ती दुसरी जरा बेसूरच होती म्हणे. वर्ग हसला. मीही हसले, नाहीतर न हसणारी मी एकटीच उठून दिसले असते. त्या धड्यावर परीक्षेत प्रश्न आला आणि सगळ्यात जास्त गुण मला पडले. सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं आणि म्हणाले, किती अलिप्तपणे लिहिलंय बघा.

आता तुला जे माहीतच आहे ते लिहिते, कारण ते आजवर कोणी मोठ्याने म्हटलेलं नाही.

तुझा आवाज मोठा, भरलेला, ऐकणाऱ्याने हातातलं काम थांबवावं असा. मी ते कधी नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही. पण वाद्यं थांबली की तुझा सूर चढतो, आणि नेहमी एकाच जागी चढतो. झोपाळ्याच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं बंद होतात आणि आपले दोन आवाजच उरतात, तिथे. पहिल्या ओळीत तू ठीक असतेस. दुसरीत तुझ्या आवाजाला जोर येतो आणि त्या जोराबरोबर सूर वर सरकायला लागतो. आई मशीन चालवता चालवता ऐकायची, तिला ते कळलं नाही. मला कळायचं, कारण मी तुझ्या खालून गात होते. आणि मला वाटायचं की मोठी बहीण जिथे जाईल तिथे आपण जायचं असतं. तू जेवढी वर सरकायचीस तेवढीच मी सरकायचे. दोघी सारख्या सरकल्या की ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. मग शेवटच्या ओळीत मी हळूहळू उतरायला लागायचे आणि तू नकळत माझ्याबरोबर उतरायचीस. वाद्यं परत सुरू व्हायची तेव्हा आपण दोघी बरोबर जागेवर असायचो. लोक त्याच जागेला टाळ्या वाजवायचे. एकदा कार्यक्रम संपल्यावर विंगेत मला घट्ट धरून तू म्हणालीस, 'तू नसतीस तर मी तिथे पडले असते गं.' मी किती दिवस त्या वाक्यावर खूश होते, ते तुला सांगण्यात आता अर्थ नाही.

मग त्याच गाण्याचं ते रेकॉर्डिंग. जाकीट नवीनच आलं होतं आपल्याकडे. (हे नाव तूच ठेवलंस बरं का, ऐन उन्हाळ्यात जाकीट घालून फिरणारा मॅनेजर म्हणून. आता तू त्यांना काय म्हणतेस कोण जाणे.) पहिल्या दिवशी आपण दोघींनी समोरासमोर उभं राहून गाणं सलग म्हटलं, नेहमीप्रमाणे. दुसऱ्या दिवशी मुख्य आवाज आणखी घासूनपुसून घ्यायचा म्हणून त्यांनी तुला एकटीला उभं केलं, कानाला हेडफोन लावला, त्यात कीबोर्डचा सूर सोडला आणि तो मधला भाग एकेक ओळ करून परत म्हणवून घेतला. माझा आवाज मात्र आदल्या दिवशीचाच ठेवला, दुसऱ्या आवाजासाठी कोण पुन्हा मेहनत घेतो. मग दोन्ही एकत्र लावले. तुझा आजचा आवाज जागेवर, आणि माझा आवाज कालच्या तुझ्या मागोमाग वर गेलेला. साउंडवाल्या काकांनी पुन्हापुन्हा ऐकलं, मशीनवर मोजलं आणि नाराजीने म्हणाले, 'धाकटीचा सूर चढतो.' जाकीट म्हणालं, मला आधीपासूनच शंका होती.

मी तुझ्याकडे बघितलं. मी का बोलले नाही असं नंतर आईने विचारलं होतं. मी बोलले नाही कारण मला खात्री होती की तू बोलशील. शिवाय तुझा सूर चढतो हे परक्या माणसांपुढे सांगायची माझ्या जिभेला सवयच नव्हती, आयुष्यभर तेच तर झाकत आले होते. तू हेडफोनची वायर गुंडाळत होतीस. वर न बघता म्हणालीस, 'तिचं हल्ली लक्ष नसतं.' बस, एवढंच. तेवढ्यावर माझं गाणं संपलं.

संपलं म्हणजे काय झालं, तेही ऐक. शाळेत गाण्याच्या शिक्षिकेची जागा निघाली, मी गेले. मुख्याध्यापक बाई फार गोड बोलल्या आणि निघताना म्हणाल्या, तुमच्याबद्दल ऐकलंय थोडं, मुलांचे कान लहानपणीच बिघडायला नकोत. एका वृंदगायनाच्या गटात गेले तर त्यांनी मला तिकीटविक्रीचं काम देऊ केलं. या धंद्यात बेसूर हा शब्द एकदा चिकटला की तो पुसायला कोणी येत नाही, आणि मोजून बघायला तर मुळीच नाही. तुला यातलं काही कळलं नसेल असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होते. ताईला रेकॉर्डिंगमधलं ते उलटसुलट लक्षातच आलं नसेल, तिला खरंच वाटलं असेल की चूक माझीच, असं. माणसाला बहिणीबद्दल वाईट विचार करायला वेळ लागतो.

या वर्षी सरांनी शेवटचं मोठं काम दिलं. त्यांच्या ओळखीची एक कंपनी मोठा कार्यक्रम करणार आहे, त्याच्या जाहिरातीची आखणी करा, सर्वांत चांगली आखणी कंपनी खरोखर वापरेल आणि ती करणाऱ्याला तिथे काम शिकायला घेईल. मग त्यांनी पडद्यावर तुझा फोटो लावला. मला हसू आवरेना. सगळी मुलं तुझे कपडे, तुझा प्रवास, तुझी मेहनत यांवर आखण्या करत बसली. मी एकच गोष्ट मांडली. आज प्रत्येक आवाज यंत्रातून धुऊन येतो आणि लोकांना ते ठाऊक असतं, तेव्हा त्यांना उघडा आवाज विका. झोपाळ्याचं गाणं शेवटी ठेवा, आणि त्यातला बिनवाद्यांचा भाग जसाच्या तसा. काळ्या पोस्टरवर एक ओळ: वाद्य नाही, यंत्र नाही, फक्त आवाज. पत्रकारांना थेट साउंडच्या टेबलाशेजारी बसवा, म्हणजे सूर सुधारायचं यंत्र बंद आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.

हो ताई, ती ओळ माझी आहे. बसथांब्यांवर, दुकानांच्या काचांवर, तुझ्या घरासमोरच्या भिंतीवर जी चिकटवली आहे ती. जाकिटाला ती इतकी आवडली की कोणी लिहिली हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. तू नाराज होतीस म्हणे, पण नाही म्हणू शकली नाहीस. नाही म्हटलं असतं तर का नाही, ते सांगावं लागलं असतं.

मग तालमी सुरू झाल्या. माझी आखणी निवडल्यामुळे कंपनीने मला काम शिकायला घेतलं होतं, तिथल्या ऑफिसात मी खुर्च्यांचे नकाशे बघत बसायचे आणि तालमीची बातमी चहाबरोबर यायची. दुसऱ्या आवाजासाठी एक मुलगी आणली, जमलं नाही. दुसरी आणली, तिलाही घरी पाठवलं. दोघी बेसूर आहेत असं जाकीट सगळ्यांना सांगत फिरत होतं. बिचाऱ्या सुरात असणार, तोच त्यांचा गुन्हा. मग जाकिटाच्या डोक्यात आलं की जुन्या जोडीतल्या धाकटीचाच आवाज रेकॉर्ड करून लावू, लोकांना जुने दिवस आठवतील, रुमाल निघतील. स्टेजवर मात्र ती नको, ताईंची एकटीची प्रतिमा बिघडेल. 'यंत्र नाही' म्हणून जाहिरात करायची आणि मला यंत्रातून वाजवायचं, यातली गंमत कोणाच्या लक्षात आली नाही. त्यांनी माझा पत्ता शोधायला घेतला आणि मी त्यांच्याच ऑफिसात सापडले. सरांचा चेहरा तू बघायला हवा होतास. बिचारे दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. 'ताईने निरोप दिलाय. म्हणाली, धाकटीला सांग, आपण घरी म्हणायचो तसंच म्हण. एवढं सांगितलं की तिला कळेल.' आईला वाटलं, लेकींचं एकमेकींवरचं प्रेम परत आलं. ती फोनवरच रडायला लागली. मी तिला हो म्हटलं आणि फोन ठेवला. घरी म्हणायचो तसं. म्हणजे दुसऱ्या ओळीत तुझ्या मागून चढ आणि शेवटच्या ओळीत तुला घेऊन उतर. तुझं चढणं दर वेळी सारखंच असतं, ते मला पाठ आहे, मी तुझ्याशिवायही ते गाऊ शकते, आणि हे तुला माहीत होतं. म्हणजे तुला सगळंच माहीत होतं. त्या दिवशी वायर गुंडाळतानाही माहीत होतं. ज्या गोष्टीसाठी मला बेसूर ठरू दिलंस, तीच गोष्ट तू माझ्याकडे आईच्या तोंडून मागितलीस, स्वतः फोनही न करता. तुझ्याबद्दल जो काही संशयाचा फायदा मी राखून ठेवला होता, तो त्या निरोपाने संपला.

गेल्या आठवड्यात दुपारी मी स्टुडिओत जाऊन गाऊन आले. तेच साउंडवाले काका होते, आता केस पांढरे झालेत त्यांचे. एकदाच गायले. त्यांनी मशीनवर मोजलं, परत मोजलं, आणि म्हणाले, 'पोरी, केसाइतकाही फरक नाही. तुझा सूर चढतो असं कोण म्हणायचं?' मी म्हटलं, 'तुम्हीच म्हणायचात, काका.' माझं नवं रेकॉर्डिंग होईपर्यंत तुला तालमीसाठी जो आवाज दिला तो जुन्या कार्यक्रमाच्या ध्वनिफितीतला होता, तो तूच मागितलास म्हणे, आणि त्याच्याबरोबर तुझं छान जमलं. जमणारच, त्यात मी तुझ्याबरोबर चढले आहे. आज वाजणार आहे तो आवाज तू ऐकलेला नाहीस.

तर पत्र लिहिण्याचं कारण हे. मी ते घरी म्हणायचो तसं म्हटलेलं नाही. सरळ म्हटलं आहे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. हे पत्र तुझ्या आरशापुढे मी स्वतः ठेवलं आहे, कंपनीचं ओळखपत्र असल्यामुळे मला इथे कुठेही जाता येतं. बाहेर एकही खुर्ची रिकामी नाही आणि पत्रकार टेबलाशेजारी येऊन बसले आहेत. गाणं वगळता येणार नाही, ते पोस्टरवर आहे. तुला वाटेल मी सूड घेते आहे. हो, घेते आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण तू मला न सांगता पाडलंस, मी तुला सांगून पाडते आहे, एवढा फरक मी राखला आहे. तिसऱ्या घंटेपासून त्या शेवटच्या गाण्यापर्यंत तुला ठरवायला वेळ आहे. मी डाव्या विंगेत उभी असेन. ते गाणं सुरू करण्याआधी माइकवर एवढंच बोल: 'त्या रेकॉर्डिंगमध्ये सूर माझा चढला होता, धाकटीचा नाही, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं.' बोललीस तर माझा रेकॉर्ड केलेला आवाज मी बंद करायला लावीन, बाहेर येईन, तुझ्या खालून गाईन, आणि तू कितीही चढलीस तरी तुला जागेवर उतरवून आणीन, मला येतं ते. नाही बोललीस तरी मी तिथेच उभी असेन, पण जागची हलणार नाही. मग वाद्यं परत सुरू होतील तेव्हा ती माझ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला येऊन मिळतील, आणि तू कुठे आहेस ते सगळ्या सभागृहाला ऐकू येईल, पहिल्या रांगेत बसलेल्या आईलाही.

तुझीच,
धाकटी